प्रिंटरचं ब्रेकडाउन रजिस्टर

आमच्या घरात प्रिंटर आला तो शाळेमुळे. शाळा म्हणजे मोबाइलमधला वर्गाचा ग्रुप. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत, म्हणजे ग्रुप दोन. दुपारभर तिथं सामसूम असते आणि दिवेलागणीला मुलीच्या बाईंचा निरोप येऊन पडतो: उद्या येताना पाण्यात राहणाऱ्या प्राण्यांची रंगीत चित्रं आणावीत, प्रत्येकाचं वेगळं पान. त्याखाली जोडलेले हात, आणि त्याखाली सगळ्या पालकांचं ओळीनं ‘ओके मॅडम’. एकाही माणसाच्या तोंडून निघत नाही की बाई, पेणपासून खाडी कितीशी लांब आहे, पोरांना न्या आणि जिवंत मासा दाखवा. मीही ‘ओके मॅडम’च लिहितो. खरं सांगायचं तर मला त्या बाईंची भीती वाटते.

मी रोह्याजवळ एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला आहे. राहायला पेणला, कामाला रोह्याला, आणि मधलं आयुष्य कंपनीच्या बसमध्ये. पाळ्या तीन, दर आठवड्याला बदलतात. दुसऱ्या पाळीला मी घरी पोचतो तेव्हा पोरं झोपलेली असतात. तिसऱ्या पाळीला संध्याकाळी घरात असतो खरा, पण अर्धवट झोपेत, आणि तेव्हा माझ्याशी कुणी बोलायचं नाही असा मीच केलेला नियम आहे. राहिली पहिली पाळी. त्या आठवड्यात साडेचारला घरी, चहा, आणि ग्रुपवर निरोप पडला की मुलीला स्कूटरवर मागं बसवून एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात.

दुकान एका वहिनींचं. जागा दोन माणसांची, गर्दी अख्ख्या इयत्तेची. सगळ्यांना तेच मासे, तेच कासव, तोच बेडूक हवा असतो. वहिनींनी बेडूक आधीच छापून ठेवावेत एवढी साधी गोष्ट मी त्यांना दोनदा सुचवली, तर त्या म्हणाल्या, ‘नेमका त्या दिवशी बाईंनी हत्ती मागितला तर बेडकांचं काय करू?’ त्यांचंही बरोबरच होतं. पण मला रांगेत उभं राहायचा भारी तिटकारा. दिवसभर पंपाच्या मागं धावून आलेल्या माणसानं संध्याकाळी बेडकासाठी ताटकळायचं म्हणजे काय.

जाता-येताना मात्र मुलीचं तोंड बंद नसायचं. एरवी घरात विचारलं तर ‘काय नाय’ एवढंच बोलणारी पोरगी, पण स्कूटर सुरू झाली की ही सुरू. मैत्रीण हल्ली डबा खायला दुसरीकडे बसते. भावाची कंपासपेटी मांजरानं नाही, तिनंच पाडली होती. वर्गात कुणीतरी तिच्या दातांना हसलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गणपतीचा कारखाना आहे, तिथं वाळत घातलेल्या मूर्ती आणि टेम्पो यांच्यातून वाट काढता काढता मी ‘हां’, ‘बरं’, ‘असं होय’ करत राहायचो. एकदा ती म्हणाली की तिला गणितातलं हल्ली काही कळेनासं झालंय. मी ‘हां’ म्हटलं आणि खड्डा चुकवला.

त्या बोलण्याची मला किंमत नव्हती. माझं डोकं रांगेत अडकलेलं. शेवटी एकदा तासभर उभं राहून आमच्या नंबराला वहिनींकडची शाई संपली, तेव्हा मी ठरवलं की बास, आता घरात प्रिंटर.

हे मी पहिल्यांदा बसमध्ये बोललो, ती चूक. बसमध्ये काढलेला विषय आपला राहत नाही. पेणहून बस सुटली तेव्हा मला लेझर घ्यायचा होता. गडबला एक इलेक्ट्रिकलवाला चढतो, त्यानं मला वेड्यातच काढलं. लेझर करंट खातो, आणि रंगीत लेझर घेतलास तर बायकोच्या बांगड्या मोडाव्या लागतील, म्हणे. टाकीवाला घे, बाटलीनं शाई ओतायची आणि वर्षभर बघायचं नाही. नागोठण्याला चढणाऱ्यानं शपथेवर सांगितलं की टाकीवाला महिनाभर नुसता पडून राहिला की त्याचं शाई सोडणारं हेड सुकतं आणि मग तो कपडे वाळत घालायच्याही कामाचा नाही. त्याच्या मेव्हण्याकडे असा एक पडला आहे. खांबला चढणारा भातशेती सांभाळून नोकरी करतो. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, पोरांना हातानं चित्रं काढता येत नाहीत काय. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. कोलाड येईस्तोवर माझं मत तीनदा बदललं होतं.

मग मी हे काम पद्धतशीर करायचं ठरवलं. आमच्याकडे साधा वायसर आणायचा तरी तीन कोटेशन लागतात, इथं तर पोरांच्या शिक्षणाचा प्रश्न. आधी लोड, म्हणजे मशीनवर काम किती पडणार ते, काढायला हवा, म्हणून दोन्ही पोरांच्या गेल्या वर्षीच्या वह्या माळ्यावरून काढल्या आणि त्यांत चिकटवलेली चित्रं मोजली. एकच हत्ती परिसर अभ्यासात, मराठीत आणि प्रकल्पवहीत असा तीनदा भेटला. गांधीजी तर इतक्या वेळा आले की शेवटी मोजायचे सोडून दिले. मग आडव्या कागदावर तक्ता केला: टाकीवाला, कार्ट्रिजवाला, लेझर, पानामागं खर्च, वेग, आवाज, स्पेअर मिळतात का, सर्व्हिसचा माणूस पेणला येतो की पनवेलला बोलावतो. प्रत्येक मुद्द्याला गुण. बायको तांदूळ निवडत सगळं बघत होती. तिनं एकच विचारलं, ‘धाकट्याला एकट्याला चालवता येईल ना?’ आख्ख्या बसमध्ये हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता आणि तक्त्यात त्याला रकानाही नव्हता. मी म्हटलं, ते नंतर बघू.

तीन आठवड्यांनी तक्ता घेऊन दुकानात गेलो. दुकानदारानं तो दोन्ही बाजूंनी उलटून बघितला, अदबीनं परत दिला आणि विचारलं की घरी पोरं किती. दोन म्हटल्याबरोबर त्यानं टाकीवाल्यावर हात ठेवला. माझ्या तक्त्यातही तोच पहिला आला होता. बायको माझ्याकडे बघून हसली नाही, याबद्दल मी तिचा आजही आभारी आहे.

प्रिंटर आला, त्याला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. पहिलं पान धाकट्यानं डायनासोरचं काढलं, दुसरंही डायनासोरचं, आणि तिसरं निघत असताना मी नियम केले. रंगीत पान काढायचं तर आधी परमिट. चिठ्ठीवर काय काढायचं, कशाला काढायचं ते लिहायचं आणि आईची सही घ्यायची. दर रविवारी मी स्वतः चाचणीचं एक पान काढणार, म्हणजे हेड सुकायला नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रिंटरशेजारी खिळ्याला दोरीनं अडकवलेलं ब्रेकडाउन रजिस्टर. तारीख, वेळ, बिघाड काय, सांगणाऱ्याची सही, दुरुस्ती काय केली, दुरुस्त करणाऱ्याची सही. बायको म्हणाली, ‘अहो, घर हाय हे.’ मी म्हटलं, घर आहे म्हणूनच तर इतका गोंधळ असतो.

आणि खरंच, झेरॉक्सचं दुकान बंद झालं आमच्यापुरतं. निरोप पडला की पाच मिनिटांत पान हातात. पहिल्या पाळीच्या आठवड्यात मी साडेचारला येऊन, चहा पिऊन, चक्क टीव्ही बघू लागलो. बसमध्ये मी प्रिंटरवर व्याख्यानं द्यायचो. गडबवाल्याला वाटायचं हे त्याचं श्रेय, आणि तो ते घ्यायचाही.

महिन्याभरानं बायको म्हणाली की मोठी गप्प गप्प असते. मी म्हटलं, वय आहे. ती म्हणाली, वय मागच्या महिन्यात नव्हतं का. मी म्हटलं, पोरगी शांत झाली तर तुम्हाला त्याचीही काळजी, आणि आवाज वाढवला टीव्हीचा.

मग प्रिंटर बिघडायला लागला. पहिली नोंद मुलीच्या नेटक्या अक्षरात: ‘कागद आत घेत नाय.’ मी खुशीत उठलो. खोटं कशाला बोलू, मशीन बंद पडलं की मेंटेनन्सवाल्याच्या अंगात येतं. मुलगी चपला घालून दारात उभी. म्हणाली, ‘पप्पा, उशीर होईल, चला ना वहिनींकडे जाऊ.’ मी म्हटलं, मेंटेनन्सवाल्याच्या घरातलं मशीन बंद, आणि पोरगी झेरॉक्सच्या रांगेत? लोक काय म्हणतील? ट्रे काढला, आतून खोडरबराचा तुकडा निघाला, वीस मिनिटांत पान बाहेर. पान तिच्या हातात दिलं, रजिस्टरवर झोकात सही ठोकली. तिनं चपला काढून ठेवल्या.

दुसऱ्यांदा मागची केबल सैल निघाली. तिसऱ्यांदा शाई घट्ट झाल्याची नोंद, आणि बघतो तर शाईला काही झालेलं नाही, सेटिंग कुणीतरी बदललेलं. चौथ्यांदा वाय-फायचा पासवर्डच वेगळा. प्रत्येक वेळी मुलगी दारात चपला घालून उभी, प्रत्येक वेळी तिचं तेच म्हणणं, चला ना वहिनींकडे. आणि प्रत्येक वेळी मी आधीच्यापेक्षा लवकर मशीन चालू करून दिलं. बसमध्ये मी सांगितलं की आपला दुरुस्तीचा वेळ सारखा कमी होतोय. नागोठणेवाल्यानं कबूल केलं की त्याच्या मेव्हण्याला ही शिस्त नाही.

पाचव्यांदा तर विजेची केबलच गायब. मी कपाट उघडलं आणि दुसरी काढली. आमच्या धंद्यात हाताशी स्पेअर नसणं म्हणजे लाज. अकरा मिनिटांत पान बाहेर. मी केबल उंच धरून दाखवली तेव्हा मुलीचं तोंड एवढंसं झालं होतं. ते मी बघितलं, पण मला वाटलं, माझ्या तयारीनं ती चाट पडली.

त्याच संध्याकाळी बायकोनं भातासाठी तांदळाच्या डब्यात हात घातला आणि हरवलेली केबल बाहेर काढली. तिनं ती माझ्यासमोर टीपॉयवर आणून ठेवली. दोन तांदूळ तिला अजून चिकटलेले.

मी चिडलो नाही. मला पद्धत ठाऊक आहे. बिघाड पुन्हा पुन्हा होत असेल तर आधी नोंदी लावून बघायच्या. रजिस्टर काढलं आणि फ्रिजवरचा माझा पाळ्यांचा तक्ता शेजारी ठेवला. पाचही बिघाड पहिल्या पाळीच्या आठवड्यांतले. पाचही मी घरी आल्यानंतरचे. पाचही नोंदींखाली मुलीची सही. दुसऱ्या नि तिसऱ्या पाळीच्या आठवड्यांत मशीनला शिंकसुद्धा आली नव्हती. आमच्याकडे याला ऑपरेटरचा हात म्हणतात, म्हणजे दोष मशीनचा नाही, चालवणाऱ्याचा. मी मुलीला समोर खुर्चीवर बसवलं आणि कंपनीतली आमची रीत सुरू केली. उत्तर आलं की त्यावर पुन्हा ‘का’ विचारायचं, असं पाच वेळा, म्हणजे खरं कारण सापडतं.

केबल डब्यात का गेली, तर प्रिंटर बंद पडावा म्हणून. बंद का पडायला पाहिजे, तर मग आपण दुकानात गेलो असतो. मी म्हटलं, दुकानात का? घरच्या घरी मिळतंय की. ती म्हणाली, दुकानाचं काय नाय, गाडीवर तुमच्याशी बोलायचं होतं. हे जरा मला लागलं. मी म्हटलं, अगो, मग इथंच का नाही बोलत, मी समोर तर बसलोय रोज.

ती रजिस्टरच्या दोरीशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, ‘घरात तुम्ही बघता. गाडीवर तुम्हाला मागं वळून बघता येत नाय.’

पाचवा ‘का’ मी विचारला नाही. मला वाईट वाटलं. साधं, सरळ वाईट वाटलं. पाच वेळा ह्या पोरीनं माझ्याकडे गाडीवरची वीस मिनिटं मागितली आणि पाचही वेळा मी तिला मशीन दुरुस्त करून दिलं, वर सही करून. बायको स्वयंपाकघरातूनच म्हणाली की गाडीची चावी टीव्हीशेजारी आहे. तिला हे सगळं कधीपासून ठाऊक होतं ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

आम्ही निघालो. कारखान्यासमोर टेम्पोत मूर्ती चढवत होते, तिथं थांबावं लागलं. मला वाटलं, आता बोलायचीच नाही ही. टेम्पो हलला, गाडी पुढं निघाली आणि मग माझ्या पाठीशी तिनं सांगायला सुरुवात केली. गणिताच्या चाचणीत वीसपैकी सहा पडले. पेपरवर पालकांची सही आणायची होती. ती तिनंच केली, माझी. सही बघून बाईंनी पेपर परत दिला, पण शनिवारी पालकसभा आहे आणि सगळ्यांनी तो घेऊन यायचाय. सही कुठं शिकलीस विचारलं, तर म्हणाली, रजिस्टरमधून. पहिली नोंद तिनं सही बघायला मिळावी म्हणून नव्हती केली, गुणांचं सांगायलाच केली होती. पण त्या दिवशी मी दुरुस्ती केली, सही केली, आणि दुसऱ्या दिवशी सही दाखवायची शेवटची तारीख होती.

माझे कान तापले. गाडी बाजूला घ्यावी, मागं वळावं आणि विचारावं की तुझी हिंमत कशी झाली, असं अगदी ओठांवर आलं. पण मागून एसटीनं हॉर्न दिला आणि समोर खड्डे होते. हँडल सोडून चालण्यासारखं नव्हतं. मी समोर बघत राहिलो आणि म्हटलं, ‘हां.’ या वेळी मात्र ऐकून म्हटलं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, ‘पप्पा, दुकान मागं गेलं.’

मी म्हटलं, ‘जाऊ दे. अजून काय काय हाय ते सांग.’

होतं बरंच. अपूर्णांकापासूनच तिचं गणित सुटलं होतं. विचारायला उभी राहिली तर मागचा बाक हसतो, म्हणून ती उभी राहत नव्हती. डबा खाणारी मैत्रीण परत आलीच नव्हती. शनिवारला किती दिवस राहिले ते ती रोज रात्री मोजत होती. मी हां-हां करत राहिलो आणि वडखळचा नाका कधी आला ते कळलं नाही. तिथं चहाच्या टपरीवर थांबलो. ती वडापाव खात होती तेव्हा मी मुद्दाम हायवेवरच्या ट्रकांकडे बघत बसलो.

घरी आल्यावर तिच्याकडून पेपर मागून घेतला. सही बघितली आणि गार पडलो. माझ्या सहीला शेवटी जी शेपटी येते ती मलाही इतकी जमत नाही. रजिस्टर पुढं ओढून म्हटलं, कर बघू परत. तिनं घाबरत केली. मग तिच्याखाली मी केली. बायकोला बोलावून विचारलं, यातली खोटी कुठली, तर तिनं क्षणभर बघून माझ्या सहीवर बोट ठेवलं. त्यावर आधी धाकटा हसला, मग सगळेच. मुलगी हसता हसता रडली आणि तिला आम्ही रडू दिलं. पेपरवर मी खालच्या कोपऱ्यात लिहिलं की वरची सही माझी नाही आणि त्यात चूक दोघांची आहे.

शनिवारी पाळी बदलून घेतली. हजार वेळा बायलरसमोर उभा राहिलेला माणूस मी, पण इस्त्रीचा शर्ट घालताना बटणं दोनदा चुकीच्या काजात लावली. मुलगी मागं बसली. मांडीवर दप्तर, दप्तरात तो पेपर. कारखान्याचं वळण आलं. मग माझ्या लक्षात आलं की मलाही तिचं तोंड दिसत नाहीये, आणि तिलाही माझं.

मी म्हटलं, ‘खरं सांगू? मला तुमच्या बाईंची लय भीती वाटते. ग्रुपवर ओके मॅडम लिहितानासुद्धा वाटते.’

ती थोडी पुढं सरकली, माझ्या शर्टाला मागून धरलं आणि म्हणाली, ‘हां.’